देवळामागची वाट

गेल्या महिन्यात माझ्या बहिणीची नात सुमेधा घरी आली होती. ठाण्याच्या मासळी बाजारात तिच्या आईची जागा आहे. तिथे एका म्हाताऱ्या कोळणीने तिला सांगितलं, "तुझी आजी देवमाणूस होती. दिवसातून कितीदा तरी देवीच्या पाया पडायला उठायची." शेजारी बसलेली दुसरी लगेच म्हणाली, "कसली देवमाणूस. देवीचं नाव सांगून सगळ्या बाजाराला फसवलं तिनं."

सुमेधाने मला विचारलं, "आजोबा, दोघींत खरं कोण बोलत होतं?"

मला धड सांगता आलं नाही. बोलायची मला सवय नाही आणि लिहायची त्याहून नाही. शाळेत कारकुनी केली तेव्हा लिहिलं ते दाखले आणि पावत्या. हे तरी जमेल की नाही, कोण जाणे. पण बहिणीबद्दल जे ठाऊक आहे ते आता माझ्याशिवाय फार कुणाला ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

तिचं नाव मनुबाई. मी तिला बाय म्हणायचो. आम्ही बाळकुमचे कोळी. बाय माझ्याहून मोठी, तिनेच मला कडेवर घेऊन वाढवलं. लग्नही गावातच झालं, खाडीकाठच्या दामाजीशी. दामाजी होडी घेऊन खाडीत जायचा. निवट्या, बोय, चिंबोऱ्या घरी यायच्या आणि बायची सासू त्या ठाण्याच्या बाजारात नेऊन विकायची. पुढे खाडीला कधी तांबडं तर कधी काळं पाणी येऊ लागलं. जाळ्यात मासळीपेक्षा चिखल जास्त. ऐंशीच्या सुमाराला दामाजीने होडी वर ओढली ती परत पाण्यात घातलीच नाही. तो लोकांची जाळी विणून द्यायचा. तेव्हापासून घर चाललं ते बायच्या पाटीवर. मुंबईच्या बंदरावरून पहाटे टेम्पोने माल यायचा. गावातल्या बायका तो वाटून घ्यायच्या आणि बाजारात बसायच्या.

बाजारातल्या जागेविषयी थोडं सांगायला हवं. जागा म्हणजे दगडी ओट्यावरची दोन हात लांबी, पण ती सासूकडून सुनेकडे जाते. बाई आजारी पडली, बाळंतीण झाली, तर शेजारीण तिच्या जागेवर एक रिकामी पाटी उलटी घालून ठेवते आणि कुणाला बसू देत नाही. तेवढा मान सगळ्या ठेवतात. मात्र पाटी फारच दिवस उलटी राहिली तर कुजबुज सुरू होते आणि एके सकाळी पाटी बाजूला सारून दुसरीच कुणी बसलेली असते. मग भांडून उपयोग नसतो. बायची सासू जाताना तिला एवढंच म्हणाली होती, "सून येईपर्यंत जागा सोडू नको." बायला एकच मुलगा, कान्हा. तो तेव्हा शाळेत होता.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास बायचं पोट बिघडलं. आधी आव पडायची, मग रक्त. एकदा कळ आली की उठावंच लागे, दम धरता यायचा नाही. तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही. लाज होतीच, पण भीती जास्त होती. काही वर्षांपूर्वी त्याच बाजारातल्या शेवंतीच्या घरात हगवण लागली होती. दोन पोरं आजारी पडली, बरीही झाली. पण ही गोष्ट गिऱ्हाइकांच्या कानावर गेली. लोक शेवंतीच्या पाटीकडे बघायचे आणि पुढच्या पाटीवर जायचे. जिच्या घरात पोट बिघडलंय तिची मासळी कोण नेणार? शेवंतीची पाटी पावसाळाभर उलटी राहिली आणि तिची जागा गेली. बायने हे डोळ्यांनी बघितलं होतं.

बाजारात बायकांसाठी सोय नव्हती. म्युनिसिपालटीचे संडास होते ते समोरच्या देवीच्या देवळामागे. तिकडे जायची वाट देवळाच्या पायरीवरूनच होती. पहिल्यांदा बाय भर धंद्यात उठली तेव्हा शेजारच्या सरस्वतीने विचारलं, "अगो, गिऱ्हाईक उभं हाय नि तू कुठं चाललीस?"

बायने समोर बघितलं. समोर देऊळ होतं.

"देवीच्या पाया पडून येते," ती म्हणाली.

"आता?"

"नवस हाय माझा."

सरस्वती म्हणाली, "मग माझापण नमस्कार सांग. नि हे धर, पेटीत टाक." तिने ओचा सोडून चार आणे दिले.

तिथून ते सुरू झालं. बाय उठली की कुणी ना कुणी हातात नाणं ठेवायची. माझ्या पोराचा पेपर हाय, देवीला सांग. माझा नवरा पिऊन येतो, त्याचं बघ म्हणावं. सरस्वती जिभेची तिखट. ती म्हणायची, "देवीला सांग, मनुबायची खाट तिथंच टाक. येऊन जाऊन पाय झिजले बिचारीचे." सगळ्या हसायच्या. बायही हसायची आणि लगबगीने निघायची.

देवळात मात्र ती कधी गेली नाही. जाताना तेवढा वेळ नसायचा, आणि येताना संडासातून आलेल्या पायांनी, अंघोळ न करता, देवीपुढे कसं उभं राहायचं? पेटी आत गाभाऱ्याजवळ होती. ती नाणी बाय घरी आणून दुधाच्या पावडरीच्या मोठ्या रिकाम्या डब्यात टाकायची. एक दिवस सुट्टी काढून, न्हाऊन धुऊन जायचं आणि सगळ्यांचे पैसे पेटीत घालायचे असं तिने ठरवलं होतं. पण जागा सोडून सुट्टी काढणं जमलं नाही, आणि सुट्टी झालीच तर ती अंथरुणावर गेली.

गावातल्या डॉक्टरने जुनी आव म्हणून गोळ्या दिल्या. आमच्या आईने कुड्याची साल उगाळून पाजली. कुणी डाळिंबाची साल सांगितली, कुणी इंजेक्शनं. थोडं बरं वाटायचं, पुन्हा रक्त. बायने स्वतःचा एक उपाय काढला. घरून निघताना ती काही खायची नाही. पोटात काही नसलं तर पोट गप्प राहील, असा तिचा हिशेब. दुपारपर्यंत नुसती पाण्यावर. रोज मासळी विकणाऱ्या बाईच्या मनगटाची हाडं दिसू लागली. तरी बायका म्हणायच्या, मनुबायचे उपास चालले असतील.

पंच्याऐंशी साली सुरमई कापताना ती ओट्यावरच कोसळली. कोयता हातातून सुटला, नशिबाने कुणाला लागला नाही. मी तिला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे नळी घालून तपासलं. तरुण डॉक्टर होते. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला जखमा झाल्यात, म्हणाले. त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. ही आव नव्हे, आणि कुणापासून कुणाला लागत नाही. कशाने होतो ते नक्की कळलेलं नाही. बरा होत नाही, दाबून ठेवता येतो. गोळ्या कायम घ्यायच्या.

"आमच्याकडे असला रोग कुणाला ऐकला नाही," मी म्हणालो.

डॉक्टर म्हणाले, "आम्हीसुद्धा तो गोऱ्या लोकांचा रोग म्हणूनच शिकलो. बाहेर बाकावर बघा."

बाहेर बाकावर आम्ही दुपारपर्यंत बसलो होतो. बाय मोकळ्या स्वभावाची, तिने एकेकाशी बोलणं काढलं. डोंबिवलीचा एक बँकेतला माणूस होता. तो तीनदा रजा संपवून बसला होता आणि आता बिनपगारी होता. कल्याणची एक नवी लग्न झालेली मुलगी आईबरोबर आली होती, तिच्या सासरी हे कुणाला ठाऊक नव्हतं. एक कामगार होता. मशीन सोडून सारखा उठतो म्हणून मुकादमाने त्याला कामचोर ठरवलं होतं.

परत येताना बायने गोळ्यांची पुडी ओच्यात बांधली. मग म्हणाली, "धाकू, मना वाटलं व्हतं मी एकलीच. केवढी माणसं रे. कोण बोलत नाय म्हणून कोण नाय असं वाटतं."

"तू तरी कुठे बोलतेस?" मी म्हणालो.

"मी बोलले तर मासळी कोण घेल?" ती म्हणाली.

गोळ्या दोन तऱ्हेच्या होत्या. एक नारिंगी, रोजच्या. दुसऱ्या रोग उसळला की घ्यायच्या. त्या दुसऱ्या गोळ्यांनी रक्त थांबायचं, पण चेहरा सुजायचा. बायचे गाल वर आले, तोंड गोल झालं. बाजारात बोलणं सुरू झालं, मनुबाय भरली, तिला देवी पावली. मंदाकिनी नावाची एक कोळीण होती, तिने विचारलं, "कुठला नवस केलास गो? मना पण सांग, माझी हाडं बघ कशी निघाली." बायने तिला काय सांगितलं कोण जाणे. घरी येऊन मात्र ती आरशात बघून म्हणाली, "आपलंच तोंड आपल्याला वळखू येत नाय."

नारिंगी गोळ्या ठाण्यात सहसा मिळत नसत, मी त्या मुंबईहून आणायचो. मी काही फार मोठा पगार आणत नव्हतो. बायचं सोनं एकेक करून गेलं. आधी पाटल्या, मग गळ्यातली, शेवटी सासूने दिलेली कानातली. कोळणीचं सोनं अंगावर दिसतं आणि अंगावरून गेलं तरी दिसतं. म्हणून तिने तशीच खोटी करून घेतली आणि ती घालून बाजारात बसायची. मासळीच्या ओल्या हातांनी ती काळी पडायची. रात्री चिंचेने घासायची.

कान्हा तेव्हा आयटीआयला होता, फिटरचं शिकत होता. एके दिवशी त्याने जाणं बंद केलं आणि मानपाड्याच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात हेल्पर लागला. बायने त्याला समोर बसवलं.

"माझ्या गोळ्यांसाठी सोडलंस?"

"नाय गो आय. मना शिकायचा कंटाळा आला व्हता."

"खोटं बोलतंस."

"तू बाजारात बोलतेस तेवढं नाय," कान्हा म्हणाला. दोघंही हसली. मी बाहेर ओटीवर होतो. त्यांच्या हसण्याचा आवाज मला अजून आठवतो, चांगला नव्हता.

हे असंच आणखी काही वर्षं चाललं. मग एकोणनव्वद साली नारळी पौर्णिमेच्या आधी बाजारातल्या बायका एकत्र बसल्या. दर वर्षी त्या सोनेरी कागद लावलेला नारळ वाजतगाजत खाडीवर नेतात. नारळ डोक्यावर घेणारी बाई मानाची, ती सगळ्यांनी मिळून निवडायची. त्या वर्षी एकमताने बायचं नाव निघालं. एवढी देवीची करणारी दुसरी कोण होती? मिरवणूक देवळापासून निघून खाडीवर पोचायला सारी दुपार जाते. नारळ घेतलेली बाई मध्ये थांबत नाही, बाजूला होत नाही.

बायने नाही म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. बायकांना ते फार लागलं. दर्याचा नारळ कुणी नाकारत नाही. मंदाकिनी म्हणाली, "देवीनं भरवलं तेवढं चालतं, दर्याला नमस्कार करायला मान वाकत नाय." शेवटी सरस्वती जाब विचारायला बाळकुमला घरी आली. मी तिथेच होतो. मी उठू लागलो तर बाय म्हणाली, "बस रे."

सरस्वती म्हणाली, "मना कारण सांग. सुतक हाय? सोयर हाय? नुसतं नाय म्हणून चालायचं नाय. मी तुझं नाव काढलं व्हतं, सगळ्या मना बोलतात."

बायने तिला सगळं सांगितलं. पोट, रक्त, संडास, गोळ्या. देवळात एकदाही पाय ठेवला नाही हेही सांगितलं. सरस्वती ऐकत राहिली. मग तिने जे विचारलं ते तिच्या स्वभावाला धरूनच होतं.

"मग आमचे पैसे कुठं गेले?"

बाय उठली, फळीवरून पावडरीचा डबा काढला आणि तिच्यापुढे ठेवला. डबा एका हाताने उचलवत नव्हता. घरातलं सोनं गेलं होतं, पोराचं शिक्षण गेलं होतं, आणि हा डबा फळीवर तसाच होता. सरस्वतीने झाकण काढून आत बघितलं आणि परत लावलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण ती म्हणाली एवढंच, "ठेव तुझ्याकडंच. बरी झालीस की टाक." आणि जाताना शपथ घेऊन गेली की कुणाला सांगणार नाही.

तिने सांगितलं. मी तिला दोष देत नाही. बायका बायला घमेंडखोर म्हणत होत्या ते तिला सहन झालं नाही. मनुबाय वाईट नाही, आजारी आहे, एवढंच पटवायला तिने मंदाकिनीला विश्वासात घेतलं. मंदाकिनीने आणखी दोघींना. गणपती यायच्या आत ते गिऱ्हाइकांपर्यंत गेलं. तोपर्यंत त्याची हगवण झाली होती, कुणी कॉलरा म्हणत होतं. हा रोग लागत नाही, मासळीशी याचा संबंध नाही, हे सांगायला डॉक्टर काही बाजारात येऊन उभे राहणार नव्हते. वर्षानुवर्षं बायकडून पापलेट नेणाऱ्या बाया तिच्यासमोर आल्या की पिशवी दुसऱ्या हातात घेऊन पुढे जायच्या. पुढे सरस्वतीची पाटी होती. त्या तिच्याकडून घ्यायच्या.

सरस्वतीचा धंदा वाढला आणि तिचं तोंड उतरलं. संध्याकाळी ती बायच्या घरी कालवणापुरती मासळी पाठवायची. बाय ती परत पाठवायची नाही. म्हणायची, "तिचा काय दोष. तिनं माझी बाजूच घेतली."

काही दिवस बाय पाटी घेऊन बसली आणि भरली पाटी घेऊन परत आली. मग तिने जाणं सोडलं. तिच्या जागेवर सरस्वतीने पाटी उलटी घातली आणि रोज सकाळी कुणी हात लावत नाही ना हे बघत बसली. कुणी बोललंच तर भांडायची. कान्हाचं लग्न घाईघाईने ठरवलं. वासंती गोराईची मुलगी, धीट. तिला आधी सगळं खरं सांगितलं, बायचाच तसा हट्ट होता. वासंती म्हणाली, "मी बसते. मना कोण काय बोलतं बघू." वर्ष सरता सरता तिने ती पाटी उचलली आणि सुलटी करून जागेवर बसली. गिऱ्हाईक हळूहळू परतलं. बायला हे वासंतीने येऊन सांगितलं तेव्हा तिने फक्त विचारलं, "आज काय विकलंस?"

पुढे रोग ऐकेना. गोळ्यांचाही उपयोग होईना. डॉक्टर म्हणाले, मोठं आतडं काढावं लागेल, पोटाला बाहेरून शौचाची पिशवी लावावी लागेल. बायने ऐकून घेतलं आणि विचारलं, "काष्ट्याचं लुगडं कमरेला घट्ट लागतं. पिशवी कुठं बसेल?" डॉक्टरांना ते कळलं नाही, त्यांना वाटलं ती विनोद करते. मला कळलं. ते लुगडं सोडून दुसरं काही नेसणं तिला जमणार नव्हतं. शिवाय ऑपरेशनचा खर्च, नंतर त्या पिशव्यांचा खर्च. कान्हा म्हणाला, होडी विकू. दामाजीने मान खाली घालून जाळं विणायला घेतलं. बाय म्हणाली, "होडी राहू दे." वर्षभराने तपासलं तेव्हा आतड्यात गाठ झाली होती, आणि मग ऑपरेशनचंही कुणी बोलेना. चौऱ्याण्णवच्या दिवाळीपूर्वी ती गेली.

त्याआधी श्रावणात एका मंगळवारी तिने मला बोलावून घेतलं. म्हणाली, "मना देवळात ने." आदल्या दुपारपासून तिने पोटात काही घातलं नव्हतं. सकाळी वासंतीने तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं. अंगावर त्याचे दोन वेढे जास्तच बसले. मी रिक्षा आणली, डबा मांडीवर घेऊन बसलो.

आम्हाला उतरताना सरस्वतीने बघितलं. गिऱ्हाईक समोर होतं. तिने आपल्याच जागेवर पाटी उलटी घातली आणि रस्ता ओलांडून आली. बायचा एक हात तिने धरला, एक मी.

आत पुजारी होता. तो बरीच वर्षं तिथेच होता. त्याने बायकडे बघितलं आणि विचारलं, "मावशी, पहिल्यांदाच आलात?"

सरस्वती काही बोलणार होती. बायने तिचा हात दाबला.

"होय, पहिल्यांदाच."

मग तिने डबा उघडायला सांगितला. मूठभर नाणी घ्यायची, पेटीत सोडायची आणि नाव घ्यायचं. सरस्वतीचा नमस्कार. मंदाकिनीचा नमस्कार, तिच्या पोराच्या पेपरासाठी. तो पोरगा एव्हाना बापही झाला होता. काही बायका वारल्या होत्या, त्यांचीही नावं घेतली. मध्ये थकली तेव्हा सरस्वती म्हणाली, "दे, मी टाकते." बायने दिलं नाही. डबा रिकामा झाला तसा पुजाऱ्याने अंगारा लावला आणि म्हणाला, "सगळ्यांचं झालं. तुमचं काय मागणं?"

बायने थोडा विचार केला.

"माझं काय," ती म्हणाली. "मी रोजच जात व्हते हितनं."

आम्ही पायऱ्या उतरलो. खाली आल्यावर बाय सवयीने देवळामागच्या वाटेकडे वळून बघत उभी राहिली. सरस्वतीने हळूच विचारलं, "जायचंय?"

"नाय," बाय म्हणाली. "आज पोटात काय नाय."